रुग्णसहायक पदविका: कम्युनिटी कॉलेजातील पहिले आठ आठवडे

छत्रपती संभाजीनगरातील एका कम्युनिटी कॉलेजात रुग्णसहायकाच्या एक वर्षाच्या पदविकेला मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात प्रवेश घेतला आणि आता तेथे आठ आठवडे पूर्ण झाले आहेत. जालन्याच्या आमच्या चर्चमधील तरुण संघाच्या दोन मुली आणि अंबडची माझी एक मामेबहीण पुढच्या वर्षी याच अभ्यासक्रमाला यायचे म्हणतात, आणि तिघीही भेटल्या की तेच तेच प्रश्न विचारतात. तोंडी सांगताना जे निसटते ते येथे लिहून ठेवत आहे. संस्थेचे नाव दिलेले नाही, कारण पुढे एक तक्रार येणार आहे आणि ज्यांनी मला मनापासून शिकवले त्यांच्या माथी ती मारली जाऊ नये अशी माझी इच्छा आहे. शिकवणीला मी भरभरून गुण देईन. विद्यार्थ्यांच्या कामाच्या तासांचा हिशेब ठेवण्याच्या पद्धतीला मात्र काठावरही पास करणार नाही.

नावावरूनच घरात आधी गैरसमज झाला होता. कम्युनिटी म्हणजे समाज, तेव्हा हे कॉलेज ख्रिस्ती समाजाने आपल्या मुलांसाठी काढलेले असणार, अशी मामांची समजूत होती. तसे काही नाही. आसपासच्या परिसरात कोणत्या कामाला माणसे लागतात हे पाहून चालवलेले, कमी शुल्काचे आणि हाताला काम शिकवणारे अभ्यासक्रम, असा त्याचा साधा अर्थ आहे. आपल्या देशात असे पहिले कॉलेज १९९५ मध्ये पुदुच्चेरीत निघाले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र योजना आणली. आयोगाच्या आराखड्यानुसार एक वर्षाच्या पदविकेला ६० श्रेयांक (क्रेडिट) असतात, त्यांपैकी ३६ कौशल्याचे आणि २४ सामान्य शिक्षणाचे. वर्गातील १५ तासांना एक श्रेयांक मिळतो. कामाच्या ठिकाणी प्रत्यक्ष घालवलेल्या तासांचे मोल त्याच्या निम्मे धरले जाते, म्हणजे तेथे एका श्रेयांकाला ३० तास लागतात. ही आकडेमोड रुक्ष आहे, पण ती लक्षात ठेवावी, कारण माझी सगळी तक्रार तिच्यावरच उभी आहे.

प्रवेशाचे काम दोन दिवसांत झाले. शुल्क १४,००० रुपये असून ते दोन हप्त्यांत भरता येते; गणवेशाचे १,२०० आणि लॉगबुकचे, म्हणजे कामाच्या तासांच्या नोंदवहीचे, १५० रुपये वेगळे मोजावे लागतात. कार्यालयातील काका अर्ज तपासताना धर्माच्या रकान्यापाशी थांबले. आडनाव गायकवाड आणि धर्म ख्रिस्ती, मग जातीच्या रकान्यात काय लिहायचे, असा त्यांना प्रश्न पडला. हा प्रश्न मला पाचवीपासून ओळखीचा आहे. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा आदेश आधी मुख्यतः हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, आणि ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना त्यात जागा नाही. त्यामुळे तो रकाना तसाच सोडा आणि अल्पसंख्याक असल्याचे हे स्वयंघोषणापत्र जोडून घ्या, असे मी एका दमात सांगितले. काकांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, “पोरी, एवढं पाठ आहे तर वकिलीला का नाही गेलीस?” मात्र त्यांनी अर्ज परत केला नाही, उलट घोषणापत्राची एक जादा प्रत स्वतःच्या खर्चाने काढून दिली.

सामान्य शिक्षणाच्या भागाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. संगणकाच्या खोलीत दहा संगणक आहेत आणि त्यांतील सहा चालतात. पर्यावरणाच्या तासाला पुस्तकातील उतारे वाचून दाखवले जातात. इंग्रजी संभाषणाच्या पहिल्याच तासाला मॅडमनी हजेरीपटावर माझे नाव पाहून मला उभे केले आणि तुमच्या घरी इंग्रजीच बोलत असतील, तेव्हा हा उतारा तूच वाच, असे सांगितले. आमच्या घरी उपासना मराठीत होते, शास्त्रवाचन मराठीत होते आणि भांडणे तर शुद्ध जालन्याच्या मराठीत होतात. मी ‘फिजिओथेरपी’वर जी अडखळले ती अडखळलेच. मॅडम मोकळेपणाने हसल्या आणि त्यानंतर तो समज त्यांनी पुन्हा बोलून दाखवला नाही.

या पदविकेचे खरे मोल प्रात्यक्षिकाच्या खोलीत आहे. ती खोली मोठी नाही; दोन खाटा, एक चाकांची खुर्ची, एक स्ट्रेचर, एक हात धुण्याचे बेसिन आणि भिंतीपाशी रंगीत पिशव्यांचे चार डबे, एवढाच तिचा संसार. शिकवायला येणाऱ्या सिस्टर शासकीय सेवेतून निवृत्त झालेल्या आहेत. पहिले चार दिवस त्यांनी आमच्याकडून केवळ हात धुवून घेतले. साबण-पाण्याने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागले पाहिजेत, हे पाठ करायला एक मिनिट पुरते. हाताला त्याची सवय लागायला चार दिवस लागले. तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या फटी हे सगळे आम्ही घासत होतो आणि अंगठे प्रत्येकीचे राहून जात होते. सिस्टर पाठमोऱ्या उभ्या राहूनही “अंगठा!” असे म्हणत आणि नेमक्या कोणाचे तरी राहिलेले असत.

पाचव्या दिवशी खाटेवर रुग्ण असताना चादर बदलायला शिकवले. रुग्णाला एका कुशीवर वळवायचे, जुनी चादर लांबीला गुंडाळत त्याच्या पाठीपर्यंत आणायची, नव्या चादरीचा अर्धा भाग मोकळ्या गादीवर घट्ट बसवून उरलेला अर्धा तिला लागूनच गुंडाळून ठेवायचा, मग रुग्णाला त्या दोन्ही गुंडाळ्यांवरून अलगद दुसऱ्या कुशीवर आणायचे आणि समोरच्या मुलीने जुनी ओढून काढत नवी पसरायची. ऐकताना हे सोपे वाटते. माझी जोडीदार वैजापूरची होती. आम्ही दोघींनी पहिल्या प्रयत्नात रुग्ण झालेल्या मैत्रिणीला चादरीसकट गुंडाळून टाकले. चादर बसल्यावर सिस्टरनी तिच्यावरून हात फिरवला, मधोमध एक सुरकुती सापडली, आणि त्यांनी मला त्याच सुरकुतीवर अर्धा तास न हलता झोपायला सांगितले. पहिल्या दहा मिनिटांत काही जाणवले नाही. विसाव्या मिनिटाला कमरेखाली दोरी ठेवल्यासारखे वाटू लागले. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही त्याला दर दोन तासांनी वळवायचे असते आणि चादर ताठ ठेवायची असते, कारण शय्याव्रण, म्हणजे सतत एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमा, तेथूनच सुरू होतात, हे वाक्य पुस्तकात होतेच. त्या अर्ध्या तासानंतर ते वेगळे पाठ करावे लागले नाही.

कचऱ्याचे डबेही असेच शिकवले. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार रक्ताने माखलेला कापूस आणि पट्ट्या पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्यांसारखे वापरलेले प्लास्टिक लाल पिशवीत, सुया आणि पाती पांढऱ्या पारदर्शक डब्यात, आणि काच निळ्या डब्यात. सिस्टर हातात एकेक वस्तू देत आणि चुकीच्या डब्याकडे पाऊल पडले तरी नाव घेत.

दुसऱ्या महिन्यापासून आम्हाला दर मंगळवारी आणि शुक्रवारी तीन-तीन तास एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात स्वयंसेवक म्हणून पाठवू लागले. आमचे केंद्र ज्या वरिष्ठ महाविद्यालयाच्या आवारात आहे, त्याच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) एककात आमची नावे घातलेली आहेत. घाटीत, म्हणजे शहरातील मोठ्या शासकीय रुग्णालयात, जशी जालना, बीड, परभणीहून माणसे येतात तशीच येथेही येतात, आणि त्यांतील अनेकांना कोणता कागद कोणत्या खिडकीवर दाखवायचा हे माहीत नसते. आमचे काम वाट दाखवण्याचे, चाकांची खुर्ची ढकलण्याचे आणि केसपेपर वाचून सांगण्याचे.

तिसऱ्या दिवशी अंबड तालुक्यातील एक आजोबा औषधाच्या रांगेत उभे होते. त्यांच्या हातातील चिठ्ठी छातीच्या एक्स-रेची होती आणि त्या रांगेत त्यांचा दीड तास गेला होता. “माय, हे कुठं दावायचं?” एवढेच त्यांनी विचारले. मी त्यांना एक्स-रेच्या खोलीपाशी घेऊन गेले. तेथे गळ्यातील ताईत काढायला सांगितल्यावर ते अडून बसले. चाळीस वर्षांत तो काढलेला नाही आणि आता काढायचा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. धातूची सावली फोटोत येते हे तंत्रज्ञांनी दोनदा समजावले. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले, मग माझ्या गळ्यातील क्रूसाकडे पाहून म्हणाले, “तुलाबी काढावं लागतंय का गं हे?” लागते, आणि मागच्या वर्षी मी काढला होता, असे मी सांगितले. त्यांनी ताईत उतरवला, धोतराच्या सोग्यात पुसला, रुमालात बांधून माझ्या हाती दिला, आणि बाहेर आल्यावर आधी रुमाल मागितला, मग चपला.

रविवारचा प्रश्न मला सुरुवातीपासून अवघड गेला. खेड्यांतील आरोग्य शिबिरे रविवारी सकाळी आठला असतात आणि माझी उपासनाही त्याच वेळी असते. दोन रविवार मी काही न बोलता शिबिराला गेले आणि तिसऱ्या वेळी समन्वयक सरांना विचारले. तेव्हा कळले की वर्गातील एका मुस्लिम मैत्रिणीची शुक्रवारची पाळी नेमकी दुपारच्या नमाजाच्या वेळी येत होती आणि तीही इतके दिवस गप्पच होती. आम्ही दोघींनी आपापसांत अदलाबदल केली. तिची शुक्रवारची पाळी मी घेतली आणि माझे शिबिर तिने. सरांनी लगेच मान्यता दिली, यात त्यांचा मोठेपणा आहेच, पण प्रवेश अर्जात धर्म विचारणाऱ्या संस्थेने त्याच पानावर कोणती वेळ अडचणीची आहे हे एका ओळीत विचारले असते, तर दोघींचे हे दिवस वाचले असते.

आता तक्रार. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन होता. आम्ही सकाळी साडेसहाला पोहोचलो, खुर्च्या मांडल्या, ध्वजारोहण झाले, पाहुण्यांना चहा दिला, खुर्च्या पुन्हा आत नेल्या आणि साडेबारापर्यंत मोकळे झालो. याविषयी माझे काही म्हणणे नाही. निजामाच्या राजवटीतून १९४८ मध्ये हा भाग मोकळा झाला त्या दिवशी खुर्च्या उचलायला मला कमीपणा वाटत नाही. दुसऱ्या दिवशी लॉगबुक सहीसाठी दिले, तेव्हा त्यात ते सहा तास ‘रुग्णालयीन प्रात्यक्षिक’ या शीर्षकाखाली भरलेले आढळले. असे आतापर्यंत तीनदा झाले आहे आणि माझे एकूण १६ तास, म्हणजे अर्ध्या श्रेयांकाहून थोडे अधिक, खुर्च्या, फलक आणि फेऱ्या यांच्या जोरावर जमा झाले आहेत. रुग्ण उचलण्याच्या नावाखाली मी खुर्च्या उचलल्याचे प्रमाणपत्र मला मिळणार आहे.

याच्या उलट, रुग्णालयातील मंगळवार-शुक्रवारचे तास रासेयोच्या दैनंदिनीत ऐच्छिक सेवा म्हणून जातात. रासेयोचे प्रमाणपत्र दोन वर्षांत २४० तास पूर्ण केल्यावर मिळते आणि आमची पदविका एक वर्षाची आहे. म्हणजे ज्या कामातून मी सर्वांत जास्त शिकते ते अशा वहीत लिहिले जाते, जी आमच्यापैकी कोणाचीच पूर्ण होणार नाही.

माझी आजी जालन्याच्या मिशन दवाखान्यात आया होती. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या बेथेलच्या गोष्टी मी तिच्याकडूनच ऐकल्या. पाळी संपल्यावर ती हजेरीपटावर अंगठा उठवायची, मग वॉर्डात परत जाऊन ज्यांचे कोणी नाही त्यांच्याजवळ बसायची, आणि ते तास तिने कधी कोणाला मोजून दाखवले नाहीत. सेवा हा शब्द ऐकतच मी वाढले आहे, म्हणूनच तो हिशेबाच्या गोंधळावर पांघरूण म्हणून वापरलेला मला खपत नाही.

मी लेखी अर्ज दिला. “सगळीकडे असंच असतं,” असे सर म्हणाले, पण त्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि १ ऑक्टोबरपासून कार्यक्रमांच्या कामासाठी लॉगबुकात वेगळे पान उघडले. रुग्णालयाचे तास प्रात्यक्षिकात धरायचे की नाही, हे अभ्यास मंडळाला विचारून कळवणार आहेत. मागच्या नोंदी बदलता येत नाहीत असे त्यांचे उत्तर आहे.

मामेबहिणीला माझे सांगणे एवढेच की, शुल्क भरण्याआधी प्रात्यक्षिकाची खोली पाहावी, तेथे शिकवायला कोण येते ते विचारावे, आणि मागच्या वर्षीच्या एखाद्या मुलीचे लॉगबुक मागून त्यातील सप्टेंबरचे पान वाचावे. चपला रबरी तळाच्या घ्याव्यात, कॉलेजच्या गणवेशाबरोबर मिळतात त्या ओल्या फरशीवर घसरतात. दुसरा हप्ता महिनाअखेर भरायचा आहे. सिस्टरांचा रुग्णाला खुर्चीत बसवण्याचा धडा पुढच्या आठवड्यात आहे, त्यामुळे मी तो भरणार आहे. मात्र पावती घेताना १७ सप्टेंबरच्या नोंदीसमोर ‘ध्वजारोहण’ असे कंसात लिहून त्यावर सही मागणार आहे.