चेटकीण कुठे बघावी: नाट्यगृहात की सोसायटीच्या मांडवात?

पाच वर्षांच्या भाचीला परीकथेचं गाण्यांचं नाटक दाखवायचं होतं. या मोसमात नाट्यगृहातलं आणि मांडवातलं, अशी दोन्ही नाटकं बघून झाली.

पहिलं पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात, रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या'. २०१८ साली ते पुन्हा रंगमंचावर आलं, तेव्हा चेटकीण होता वैभव मांगले. त्याआधी दिलीप प्रभावळकर. प्रकाशयोजना चोख, गाणी ध्वनिमुद्रित, धूर अगदी वेळेवर. चौघांची तिकिटं आणि मध्यंतरातले बटाटेवडे धरले तर खिसा बऱ्यापैकी हलका होतो. शिवाय मागच्या रांगेतून चेटकिणीचा चेहरा कळत नाही, नुसतं नाक दिसतं.

दुसरं आमच्याच सोसायटीच्या गणपतीत. फुकट, प्लास्टिकच्या खुर्च्या, पेटी-तबला समोरच. राजवाडा म्हणजे दोन चादरी. राजकन्या गाणं विसरली, तर पेटीवाल्या काकांनी तीच ओळ तीनदा वाजवली आणि शेवटी पहिल्या रांगेतल्या आजींनी गाऊन दिली! चेटकीण म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. त्यांचा सुतळीचा अंबाडा सुटला, तो त्यांनी संवाद न थांबवता कमरेला खोचला.

गोष्ट नीट कळायला, गाणी स्वच्छ ऐकायला नाट्यगृहच बरं. मांडवात माइक अर्धा वेळ किंचाळत होता. पण भाचीला विचाराल तर ती दीनानाथमध्ये भेदरून मांडीत शिरली होती. मांडवातल्या चेटकिणीला मात्र दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये गाठून तिने विचारलं, "काकू, नाक कुठेय?"