नाल्याचा काठ, पांदण की ई-क्लास? गावाचा हिरवा पट्टा कुठून सुरू करावा

तुमच्या ग्रामसभेत यंदा झाडांचा विषय येणार असेल, तर 'किती रोपं?' हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी विचारा, ही झाडं एकमेकांना जोडली जाणार आहेत का? माथ्यावरचं झुडूप, खालचा नाला, गावतळं आणि वावरांमधून जाणारी पांदण एका धाग्यात आली, तर पाण्याला, पाखरांना आणि वावरात पायी जाणाऱ्या बाईलाही त्याचा उपयोग होतो. सुटी सुटी लावलेली रोपं फक्त फोटोपुरती हिरवी दिसतात.

आमच्या भागात, म्हणजे यवतमाळ-वर्ध्याकडे, असा पट्टा धरायला गावाकडे तीनच जागा असतात: नाल्याचा काठ, पांदण आणि ई-क्लास, म्हणजे गावाची सरकारी चराईची जमीन. तिन्ही ठिकाणी मी हात घालून पाहिला आहे, आणि तिन्हींचा अनुभव सारखा नाही.

आधी नाला. पट्टा सलग राहायचा तर याच्यासारखी दुसरी जागा नाही. माथ्यावरून निघतो, प्रत्येक शिवाराला शिवतो आणि नदीला मिळतो. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे नाल्याचं पात्र सरकारी असतं, पण वखर पार काठाच्या ओठापर्यंत फिरतो. म्हणून गावनकाशा हातात घेऊन नाला पायी चालल्याशिवाय आराखडा काढू नका. कुठे जागा उरली आहे आणि कुठे फक्त नकाशात आहे, ते चालल्यावरच कळतं.

दुसरी गोष्ट खोलीकरणाची. वर्ध्याचा तामसवाडा पॅटर्न, मग २०१४ नंतर जलयुक्त शिवार, यांतून विदर्भातले पुष्कळ नाले खोल-रुंद झाले. विहिरींना त्याचा फायदा झाल्याचं मी पाहिलं आहे, ते नाकारत नाही. पण मशीन आली की काठावरची करंज, शिंदी आणि निरगुडी सगळ्यात आधी जाते, आणि काढलेला मुरूम तिथेच काठावर ढीग करून टाकतात. पहिल्या वर्षी मी त्या ढिगावरच रोपं लावली. जागा मोकळी होती आणि कोणाची हरकत नव्हती. होळीपर्यंत एकही उरलं नाही. ढिगाच्या मागे, वावराच्या बाजूला, जिथे पावसाचं पाणी अडून काळी माती साचली होती, तिथली रोपं मात्र जगली. पुढच्या पावसाळ्यात तो ढीगच नाल्यात बसला आणि खोल केलेला भाग पुन्हा भरू लागला.

त्याच टापूत एक जुना करंज मशीनवाल्याने वळसा घालून सोडला होता. आज तिथे उभं राहिलं की काठ पोट काढल्यासारखा नाल्यात पुढे आलेला दिसतो. वरची आणि खालची माती कापून गेली, पण करंजाच्या मुळांनी धरलेली जागा तशीच आहे. मुळांच्या खाली खंड्याने बीळ केलं आहे. काठाला झाड काय करतं हे कोणाला दाखवायचं असेल, तर मी तिथेच नेतो.

काठावर लावायचं तर करंज आणि अर्जुन आधी. करंजाला ढोरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाचा खर्च वाचतो. जिथे नाला वळण घेतो तिथे बाहेरच्या बाजूला पाणी जोरात आदळतं. तिथे झाडाच्या आधी वाळा आणि निरगुडी पाहिजे. कटांग बांबू काठाला चांगला धरतो, आणि २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही, त्यामुळे तोडणीची अडचणही कमी झाली. पात्रात मात्र काहीही लावू नका. बेशरमच्या झुडपांनी नाले कसे तुंबले आहेत ते आपण पाहतोच.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात हे गणित थोडं बदलतं. तिथे खारट पाण्याला सोसणारे करंज, बाभूळ आणि हिवर धरा, आणि रोपांना विहिरीचं खारं पाणी देऊ नका.

नाल्याला सगळ्यात मोठा विरोध रोह्यांमुळे, म्हणजे नीलगाईंमुळे होतो. आमच्याकडचे एक काकाजी मला स्पष्ट म्हणाले, "भाऊ, झाडं लावता तं लावा, पण माह्या तुरीत रोही आनू नका." त्यांची भीती खरी आहे. रात्ररात्र जागल करूनही तूर-हरभरा जातो, हे ज्याने भोगलं आहे त्याला 'निसर्ग' सांगून चालत नाही. माझं म्हणणं इतकंच की रोही उघड्या वावरातूनही येतात. रानडुकरं दिवसा लपतात ती घाणेरीच्या दाट जाळीत, उंच झाडांखाली नाही. म्हणून पट्टा वरून दाट आणि खालून मोकळा ठेवायचा. घाणेरी मुळासकट काढायची, आणि दिवाळीच्या आधी गवत कापून ज्याचं वावर त्याला चारा म्हणून द्यायचं.

टिपेश्वर, ताडोबा, बोर या वाघांच्या जंगलांशेजारच्या गावांनी आणखी जपून चालावं. टिपेश्वरचा एक कॉलर लावलेला वाघ २०१९ मध्ये शेतशिवारांतून चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला होता. अशा गावांत पट्टा जंगलाच्या कडेला थेट भिडवू नका. भिडवायचाच असेल तर वन विभागाला आधी सोबत घ्या.

आता पांदण. सलगपणात ती नाल्याच्या खाली, पण रोप जगवण्यात पुष्कळ वर. कारण साधं आहे. पांदणीने रोज माणूस जातो. बंडीवर (बैलगाडीवर) टाकी ठेवून पाणी नेता येतं, बकरी शिरली तर कोणीतरी हाकलतं. नाल्याच्या काठावर एप्रिलमध्ये कोणी फिरकत नाही, आणि रोप मरायचं तर एप्रिलमध्येच मरतं. रोजगार हमीतला 'बिहार पॅटर्न' पांदणीला चांगला बसतो. एका कुटुंबाकडे ठरावीक रोपं, आणि त्यांच्या संगोपनाची त्याच कुटुंबाला मजुरी. रोपाचा धनी ठरला की रोप जगतं.

पांदणीची अडचण म्हणजे अतिक्रमण आणि भांडण. मातोश्री पाणंद रस्ते योजनेत किंवा दुसऱ्या कुठल्या कामात रस्ता मोकळा होणार असेल तर मोजणी झाल्यावरच झाडं लावा. नाहीतर उद्या झाडंच वादाची खूण होतात. हार्वेस्टर जायला हवं म्हणून झाडं एकाच बाजूला. कोणत्या बाजूला, हेही आधी ठरवा. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या पांदणीला दक्षिणेच्या कडेने लावली तर रब्बीत, सूर्य दक्षिणेकडे असताना, सावली रस्त्यावर पडते, हरभऱ्यावर नाही. नाल्यालाही हाच हिशोब लागू आहे. दक्षिण काठावरच्या झाडाची सावली पाण्यावर पडते, आणि शेतकऱ्याची तक्रार अर्धी होते.

धुऱ्याला, म्हणजे वावराच्या बांधाला लागून लावायचं तर झाडाची जातही विचारून ठरवा. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात मोह, चिंच, आंबा, जांभूळ, साग ही झाडं येतात, तोडायला परवानगी लागते. करंज, निंब, बाभूळ त्या यादीत नाहीत. बरेच शेतकरी 'मोठं झाड नको' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हे कागद असतात.

ई-क्लासबद्दल थोडक्यात. एकाच जागी कुंपण आणि एकाच ठिकाणी पाणी, त्यामुळे काम दाखवायला सोपं. पण गावाची चराई तिथेच असते. ती बंद झाली की गुराख्याचा राग रोपांवर निघतो. मुरमाड टेकाडावर मियावाकी, म्हणजे खेटून लावलेलं दाट जंगल करायला पहिली दोन-तीन वर्षं इतकं पाणी लागतं की तेवढ्यात अख्खी पांदण जगेल. नागपूर विभागात ती जमीन कागदावर 'झुडपी जंगल' असेल तर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती जंगलच धरली जाते. झाडं लावायला त्याची भीती नाही, पण शेड किंवा पक्का रस्ता आराखड्यात टाकू नका. ई-क्लास तेव्हाच घ्या जेव्हा तिच्या कडेने नाला जातो. मग ती पट्ट्यातली विसाव्याची रुंद जागा होते.

मला विचाराल तर सुरुवात पांदणीपासून, पण कोणत्याही नाही. जी पांदण नाल्याला ओलांडते ती घ्या. त्या उतारावर, जिथे बंडी नाल्यात उतरते, पहिलं रोप लावा. तिथून पांदण गावापर्यंत करा, आणि दुसऱ्या वर्षी त्याच जागेपासून नाल्याच्या दक्षिण काठाने वर, माथ्याकडे जा. खाली नको. वर नाला लहान आहे, पूर बेताचा आहे आणि समजूत घालायला चार-सहाच धुरेवाले आहेत. ई-क्लास शेवटी.

अपवाद एकच. या उन्हाळ्यात तुमच्या नाल्यावर खोलीकरणाचं काम येणार असेल, तर पांदण थांबू द्या आणि काठ वाचवा. ठरावात तीन गोष्टी लिहून घ्या: उभ्या झाडांना मशीन यायच्या आधी चुन्याचा पट्टा, मुरूम काठापासून दूर, आणि काळा पाषाण लागला की खोदकाम बंद. मशीन उभी असताना तोंडी सांगितलेलं कोणी ऐकत नाही.

१ मेच्या ग्रामसभेत हा ठराव बसतो. करंजाच्या शेंगा त्याच सुमारास वाळून खाली पडतात, त्या पोरांकडून वेचून ठेवा. जांभळाचं बी मात्र साठवू नका. ते वाळलं की उगवत नाही. जूनमध्ये जांभळं खाल्ली की त्याच आठवड्यात पिशवीत टाका, आणि पहिला झडीचा पाऊस जमिनीत मुरला की करंजाची रोपं उतारावर लावायला काढा.