सुटं ग्रोअर मॅश: तलंगांच्या पिसांसाठी कितपत कामाचं?

आठ-दहा आठवड्यांची तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, दिवसभर चोचीने अंग कोरत असते, मानेवर काटे उभे राहिल्यासारखे दिसतात आणि खुराड्यात पांढरे पापुद्रे पडलेले असतात. हे पाहिलं की माणूस म्हापशाच्या नाहीतर फोंड्याच्या बाजारात जाऊन उवांची पावडर मागतो. खरी गरज बहुतेक वेळा त्याच दुकानातल्या शेजारच्या पोत्याची असते. किलोवर सुटं मिळणारं ते ग्रोअर मॅश, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं भरड खाद्य, परसातल्या दहा-बारा कोंबड्यांसाठी घ्यावं का, आणि घेतलं तर कसं घालावं, ते इथे पाहू.

आधी खाज कसली ते ओळखायला हवं. पिल्लाची लव जाऊन पहिली पिसं साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत भरतात. सातव्या आठवड्यापासून बाराव्या-तेराव्यापर्यंत तीही गळून दुसरी येतात. नवं पीस मेणचट आवरणात गुंडाळलेलं बाहेर येतं. आत रक्त खेळत असतं, म्हणून काटा निळसर-काळा दिसतो. पीस वाढलं की रक्त मागे सरतं, आवरण वाळतं आणि कोंबडी ते चोचीने सोलून टाकते. पांढरे पापुद्रे ते हेच. मानेपर्यंत आणि डोक्यापर्यंत स्वतःची चोच पोचत नाही. तिथे नख चालतं किंवा शेजारीण मदत करते. त्यामुळे मानेवरचे काटे सगळ्यात उशिरा फुलतात.

तलंग उजेडात घ्या, शेपटीखालची पिसं उलटी करून फुंकर मारा. टोकाशी कुंचल्यासारखे फुटलेले काटे दिसले आणि कातडी स्वच्छ गुलाबी असली, तर ती वाढीची खाज. पिवळसर, गवताच्या रंगाचं काही झरझर पळालं किंवा पिसाच्या बुडाशी मीठ चिकटल्यासारखे लिखांचे गुच्छ दिसले, तर उवा. दिवसा अंगावर काहीच नाही, पण कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरायला तयार नाहीत आणि तुरा फिका पडलाय, तर रात्री टॉर्च घेऊन बसायच्या दांडीच्या फटी बघा. लाल माइट (गोचिडांच्या जातीचे बारीक जीव) दिवसा तिथे लपतात आणि रात्री रक्त पितात. धरल्यावर कोंबडी नेहमीपेक्षा जास्त ओरडते, ते मात्र काटे दुखतात म्हणून. पिसं फुटण्याच्या दिवसांत तिला विनाकारण उचलू नये.

आता मॅश. पीस जवळजवळ सगळंच प्रथिनाचं, 85 ते 90 टक्के, आणि त्यात गंधकयुक्त अमिनो आम्लं जास्त. त्यातलं मेथिओनिन खाद्यातूनच मिळावं लागतं. मका, तांदूळ, कोंडा, खोबऱ्याची पेंड यांतून ते पुरेसं येत नाही. चांगल्या ग्रोअरमध्ये प्रथिनं 16 टक्क्यांच्या आसपास असतात आणि वरून मेथिओनिन मिसळलेलं असतं. आपल्याकडे गफलत होते ती पुढे. मॅश महाग वाटतं म्हणून त्यात तेवढाच उरलेला भात कालवला जातो. तांदळात प्रथिनं सातेक टक्के. कोरड्या वजनाने निम्मं-निम्मं केलं की मिश्रण साडेअकरावर येतं. कोंबडीचं पोट भरतं, पण पिसं विरळ येतात आणि पाठ आठवडेच्या आठवडे काटेरी राहते. मग दोष उवांवर जातो. भात द्यायचाच तर संध्याकाळी, मॅश खाऊन झाल्यावर, चिमूटभर.

मॅशचा मोठा दोष त्याच्या भरडीत आहे. कोंबडी मक्याचे कण वेचून खाते आणि तळाशी पिवळट भुकटी उरते. लोक ती झटकून टाकतात. मेथिओनिन, जीवनसत्त्वं, खनिजं सगळी त्या भुकटीतच! मेथिओनिन टनाला एक-दोन किलोच पडतं, म्हणजे दहा किलो मॅशमध्ये जेमतेम दहा-वीस ग्रॅम. तेच फेकलं तर राहिलं काय? उपाय सोपा: सकाळचा वाटा थोडं पाणी शिंपडून ओलसर करा, मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि बोटाने फुटावा इतपतच. अर्ध्या तासात संपेल तेवढंच घाला. आपल्या दमट हवेत ओलं मॅश दुपारपर्यंत आंबतं. भांडं एक तृतीयांशच भरा, आणि आधीचं तळापर्यंत चाटून झाल्याशिवाय नवं ओतू नका.

आठ-दहा आठवड्यांच्या पक्ष्याला दिवसाला साधारण 50 ते 60 ग्रॅम लागतं. दहा पक्ष्यांना 10 किलो अडीच आठवडे पुरतं, आणि एका वेळी घ्यावं तेही तेवढंच. 50 किलोचं पोतं तीन महिने चालेल, पण पावसाळ्यात तोवर मक्याला बुरशी धरते आणि बुरशीचं विष यकृतावर जातं. सुटं घेण्याचा फायदा हाच. तोटा असा की पोत्यावरची चिठ्ठी आपल्यापर्यंत येत नाही. ती दुकानातच वाचून घ्या: प्रकार, प्रथिनं, तयार केल्याची तारीख. चुकून लेअरचं (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) आलं तर त्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या घरात असतो, ग्रोअरमध्ये एखादाच टक्का. अंड्यावर न आलेल्या तलंगेची मूत्रपिंडं त्याने बिघडतात. मूठभर हातात घ्या: मोकळं, गोडसर वासाचं हवं. गुठळ्या किंवा कुबट वास असेल तर परत. घरी झाकणाच्या डब्यात, फळीवर, जमिनीपासून वर ठेवा.

जोडीला सुकी सुंगटं (कोळंबी) उत्तम, मात्र मीठ न लावता वाळवलेली. दहा पक्ष्यांना मूठभर, आठवड्यातून दोनदा. खारं सुकं दिलं तर कोंबड्या पाणी ढोसतात आणि हगवण लागते.

पावडर लावायची ती उवा डोळ्यांनी दिसल्या तरच, कोंबड्यांसाठी म्हणून विकली जाणारीच, आणि डब्यावर लिहिलंय तेवढीच. लिखा तिने मरत नाहीत, म्हणून सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावावी लागते. कुत्र्याच्या पिसवांचे थेंब कोंबडीला कधीच नाहीत. त्यातलं फिप्रोनिल अंड्यात उतरतं. 2017 साली युरोपात याच कारणाने लाखो अंडी बाजारातून काढावी लागली होती. रॉकेलही नको, कातडी भाजते. चुलीची चाळलेली राख आणि कोरडी रेती समसमान, वीतभर खोल घमेल्यात, छपराखाली ठेवली तर कोंबड्या स्वतःच अंगाला घोळवतात. पावसाची झड येते त्या बाजूला घमेलं नको, कारण भिजलेली राख तिखट क्षार सोडते आणि कोवळ्या काट्यांभोवतीची कातडी लाल होते.

कोवळा काटा मोडून रक्त आलं तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरा आणि ती तलंग डाग सुकेपर्यंत वेगळी ठेवा. लाल रंग दिसला की बाकीच्या टोचायला येतात, आणि एकदा लागलेली ती सवय लवकर जात नाही.

तेव्हा मॅश घ्या, एका वेळी दहा किलोच्या वर नको, भाताची भर नको. तीन-चार आठवडे असं घालून पाठीवरचे काटे फुलून चकचकीत पिसं दिसायला हवीत. नाही दिसली तर दुकान बदलण्याआधी भांड्याच्या तळाशी काय उरतंय ते बघा.