कोऱ्या फॉर्मांवर सात सह्या

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आडवळणाचं. गेल्या दिवाळीआधी, ऐन वेचणीत, रात्री बाबांच्या छातीत कळ आली. मी 108 लावणार तेवढ्यात जीपवाला म्हणाला, "थांबतं काहून? माह्या ओळखीचा दवाखाना हाय." ही ओळख म्हणजे पेशंटमागचं कमिशन, हे फार उशिरा कळलं. डॉक्टरांच्या आचारसंहितेत कट देणं-घेणं बसत नाही, पण जीपवाल्याला कोण विचारतो!

दारावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा बोर्ड दिसला, जिवात जीव आला. काउंटरवरच्या माणसानं केशरी कार्ड, आधार ठेवून घेतलं आणि इंग्रजीतल्या सात कोऱ्या फॉर्मांवर माझ्या सह्या घेतल्या. तासाभरानं म्हणे, "तुमची केस योजनेत बसत नाही. स्टेंट टाकावा लागेल, 90 हजार भरा." आत बाप तडफडत असताना कोण वाद घालतो? घरातला कापूस व्यापाऱ्यानं म्हणेल त्या भावात नेला. 70 हजार रोख दिले, 20 हजार कॅशियरनं स्वतःच्याच नंबरवर फोनपे करून घेतले. पावती म्हणून हाती आली एक कच्ची चिठ्ठी.

फेब्रुवारीत तपासणीला सेवाग्रामला गेलो. तिथल्या आरोग्यमित्रानं, म्हणजे योजनेनं पेशंटच्या मदतीला बसवलेल्या माणसानं, कार्डाचा नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवली. अँजिओप्लास्टी, म्हणजे तेच स्टेंटचं काम, योजनेतून मंजूर! म्हणजे सरकारकडूनही घेतले, आमच्याकडूनही.

लेखी अर्ज देऊन केसपेपर मागितले. नियमानं ते 72 तासांत द्यावे लागतात; मला दुसऱ्या अर्जानंतर, तिसऱ्या आठवड्यात मिळाले. त्यात एक कागद होता, उपचार मोफत झाले आणि घरी जायचं भाडंही मिळालं असं लिहिलेला. खाली माझी सही, अगदी खरी. भाड्याचं वाचून रागाऐवजी हसूच आलं. त्या दिवशी परतीचे अडीच हजार जीपवाल्यानं माझ्याकडूनच घेतले होते.

योजनेच्या दवाखान्यात कुणी पैसे मागितले, तर तिथूनच 155388 ला फोन लावा. काउंटरवाल्याला नाही, आरोग्यमित्राला विचारा, आणि "बसत नाही" हे लेखी मागा. मी यातलं काहीच केलं नाही. आता जिल्हा शल्यचिकित्सकांकडं तक्रार दिली आहे. ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत जाता येतं, एवढ्या रकमेला फीही नाही. वकील म्हणतात, रोख दिलेल्या 70 हजारांचा पुरावा काय? माझ्याकडं आहे तो 20 हजारांचा स्क्रीनशॉट. त्यावरच केस टाकली आहे.