रात्री अकरानंतरचं नागपूर: नव्या माणसाला किती भरवशाचं?

नागपूरला शिकायला, नोकरीला किंवा बदलीवर निघालेल्या माणसाला घरचं कुणीतरी हमखास सांगतं, "सांभाळून राहा, तिकडे मर्डर फार होतात." म्हणून हे शहर नव्या माणसाची सोय कितपत करतं ते इथं तपासलंय: स्टेशन, मेट्रो, ऑटो, भाड्याची खोली, गल्लीतला उजेड आणि अडचणीत लागणारे पोलीस. गुण आधीच सांगून टाकते. दिवसा पाचपैकी साडेचार. रात्री दहापर्यंत चार. अकरानंतर मध्यवस्तीत तीन, आणि रिंग रोडच्या बाहेरच्या नव्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्त्यांमध्ये, दोन. या शेवटच्या दोन गुणांचा खुनांशी फारसा संबंध नाही. तो आहे थांब्यापासून घरापर्यंतच्या शेवटच्या दोन किलोमीटरशी.

आधी बदनामीचा हिशेब. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी वीस लाखांवरच्या १९ महानगरांचे आकडे देतो आणि त्यात नागपूर असतं. दर काढताना शहराची लोकसंख्या धरतात २०११ च्या जनगणनेतली, म्हणजे नागपूरसाठी सुमारे २५ लाख. शहर तेव्हापासून बेसा, वाठोडा, हिंगण्याच्या दिशेनं किती पसरलं ते डोळ्यांना दिसतं, पण भागाकार अजून २५ लाखांनीच होतो. म्हणजे वर्षात २५ खून जास्त झाले की लाखामागचा दर पुरता एकानं चढतो. मुंबईची लोकसंख्या १८४ लाख धरतात, तिथं तोच दर एकानं चढायला १८४ खून लागतात. लहान महानगराचा आकडा असा पटकन वर जातो आणि मथळ्यात येतो. शिवाय दर डिसेंबरात हिवाळी अधिवेशन इथंच भरतं, गृहखात्यावर चर्चा होते, आणि ती ऐन नागपुरात होत असल्यानं शहरातल्या प्रत्येक घटनेचा आवाज दुप्पट होतो.

खून होत नाहीत असं नाही. होतात, आणि एक झाला तरी तो जास्तच. पण बातम्या नीट वाचल्या तर बहुतेकांत मारणारा आणि मरणारा एकमेकांना ओळखत असतात: जुनी खुन्नस, प्लॉटचा वाद, पैशांची देवघेव, दारूच्या बैठकीतलं भांडण. काल गाडीतून उतरलेल्या माणसाशी कुणाची खुन्नस नसते. त्याला धोका आहे तो मोबाइल हिसकावणाऱ्याचा, डिपॉझिट घेऊन गायब होणाऱ्या एजंटाचा, अंधाऱ्या वळणाचा आणि भरधाव वाहनांचा. इथं दरवर्षी रस्ते अपघातात जाणारे जीव खुनात जाणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि ही गोष्ट "सांभाळून राहा" म्हणणारे कधी सांगत नाहीत.

आता स्टेशन. नागपूर स्टेशनला दोन तोंडं आहेत आणि नवा माणूस पहिली चूक इथंच करतो. पश्चिमेचं मुख्य दार जयस्तंभ चौक, सीताबर्डीकडे उघडतं, तर पूर्वेचं संत्रा मार्केटकडे. मेट्रोचं 'नागपूर रेल्वे स्टेशन' हे स्थानक पूर्वेला आहे. गर्दीच्या लोंढ्याबरोबर पश्चिमेला बाहेर पडलात की सामान घेऊन परत फिरावं लागतं, आणि नेमक्या त्या गोंधळलेल्या अवस्थेत ऑटोवाले गाठतात. स्टेशनच्या पुनर्विकासाची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली आणि तेव्हापासून बॅरिकेडमुळे वाटा बदलत राहिल्यात. म्हणून गाडी थांबायच्या आधीच कुठल्या बाजूनं निघायचं ते ठरवून ठेवा. मेट्रोनं जायचं असेल तर पादचारी पुलावरून थेट पूर्वेला.

मेट्रो या शहरातली नव्या माणसासाठी सगळ्यात विश्वासाची सेवा आहे, यात शंका नाही. उजेड भरपूर, फलाटावर सुरक्षारक्षक, डबा स्वच्छ. दोनच मार्ग, त्यामुळे चुकायला जागा नाही. ऑरेंज लाइन खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, ॲक्वा लाइन लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर, आणि दोन्ही सीताबर्डीला भेटतात. स्टेशनवरून मनीषनगरला जायचं तर ॲक्वा लाइननं कॉटन मार्केट, मग सीताबर्डी. तिथं खापरीची गाडी धरायची आणि जयप्रकाशनगर किंवा उज्ज्वलनगरला उतरायचं. धरमपेठ, शंकरनगरकडे जायचं तर सीताबर्डीला उतरायचंच नाही, ॲक्वा लाइन सरळ तिकडे जाते.

अडचण वेळेची आहे. रात्री दहाच्या सुमारास मेट्रो संपते, आणि लांब पल्ल्याच्या कितीतरी गाड्या त्यानंतर येतात. देशाच्या मधोमध असलेल्या जंक्शनवर असं व्हावं हे खटकतं. ज्यांना मेट्रोची खरी गरज असते त्यांच्या हाताला ती लागतच नाही. दोन गुण इथंच गेले.

दहानंतर उरतो ऑटो. मीटर इथं जवळजवळ कुणी टाकत नाही, हे धरूनच चाला. प्रीपेड बूथ उघडं असेल तर तिथून पावती घ्या, रांग असली तरी. नसेल तर ॲपवरचं भाडं आधी पाहून ठेवा, म्हणजे बोली कुठून सुरू करायची ते कळतं. "भाऊ, मेडिकल चौक किती घ्याल?" एवढं विचारायचं आणि आकडा कळल्याशिवाय सामान आत ठेवायचं नाही. बॅग एकदा मागच्या खणात गेली की सौदा संपला. भाव "सीटचा" आहे की "पूर्ण गाडीचा" हेही त्याच वेळी विचारा, कारण शेअर ऑटोची सवय असलेला चालक वाटेत दुसरी सवारी घेतो, आणि नव्या माणसाला तेव्हाच भीती वाटते. त्यात तो काही वाईट करत नसतो, पण पूर्ण गाडी ठरली असेल तर नाही म्हणायचा हक्क तुमचा. नंबर प्लेटचा फोटो चालकासमोर उघडपणे काढा आणि घरी पाठवा. नागपूरचा ऑटोवाला त्याचं वाईट मानत नाही. उलट बरेच जण स्वतःच म्हणतात, "काढून घ्या मॅडम."

बोलण्याच्या ढंगाबद्दल एक. पुण्या-साताऱ्याकडून आलेल्यांना इथला चढा आवाज आणि वाक्यागणिक येणारं "बे" ऐकून भांडण पेटलंय असं वाटतं. "का बे, कुठी होता?" हे दोन मित्रांचं प्रेमाचं बोलणं असतं. पण अनोळखी माणसानं तुम्हाला "अबे" म्हटलं तर तो चढतोय हे खरं. तिथं उत्तर न देता पुढे निघून जाणं बरं. आणि तुम्ही स्वतः पहिल्या महिन्यात कुणाला "बे" म्हणू नका. दादा, भाऊ, काका, काकू यांवर या शहरात सगळी कामं होतात.

खोलीबद्दल मात्र सावकाश बोलायला हवं, कारण सुरक्षित वाटणं न वाटणं नव्वद टक्के तिच्यावर ठरतं. बहुतेक जण खोली दुपारी बघतात. ती रात्री साडेनऊ-दहाला बघा, आणि मेट्रो स्थानकापासून किंवा सिटी बसच्या थांब्यापासून चालत बघा. वाटेत चालू दिवे मोजा. दोन दिव्यांच्या मधला माणूस ओळखू येत नसेल तर ती वाट रोजची नाही. बेसा, बेलतरोडी, मनीषनगरच्या पलीकडच्या लेआउटमध्ये भाडं कमी आणि घरं नवीकोरी, पण मधले कितीतरी प्लॉट रिकामे असतात. त्यावर कमरेएवढं गवत, वर भटकी कुत्री, आणि खांब असले तरी दिवा लागेलच असं नाही. मिहान या विमानतळाजवळच्या उद्योग-क्षेत्रात नोकरी लागलेल्यांचीही तीच गत. खापरीपर्यंत मेट्रो ऐटीत नेते, पण पुढच्या काही किलोमीटरला कंपनीची गाडी नसेल तर हाल. हिंगण्याकडच्या कॉलेजांत येणाऱ्यांना लोकमान्यनगरनंतर तोच प्रश्न. जुन्या वस्त्या, म्हणजे लक्ष्मीनगर, बजाजनगर, प्रतापनगर, धरमपेठ, यात भाडं जास्त द्यावं लागतं. त्या जास्तीच्या भाड्यात तुम्ही अकरा वाजेपर्यंतची जाग विकत घेता.

ती जाग कशी ओळखायची? कोपऱ्यावरचा पानठेला बघा. पिवळा बल्ब, समोर दोन गाड्या उभ्या, आणि ठेलेवाला प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटतोय. असा ठेला अकरापर्यंत चालू असेल तर गल्लीचे डोळे उघडे आहेत. त्याला कोण कुठल्या घरात राहतं, कुणाची गाडी कुणाच्या दारात, सगळं माहीत असतं. पहिल्या आठवड्यात तिथं जाऊन "काका, मी जोशींच्या वर राहायला आलेय" एवढं सांगून ठेवा, मालकाचं जे आडनाव असेल ते घालून. पुढे पत्ता विचारत कुणी फिरलं तर निरोप येतो. पण ठेला आणि देशी दारूची भट्टी (इथं दुकानालाच भट्टी म्हणतात) एकमेकांना चिकटून असतील तर ती गल्ली सोडा. माणसं वाईट असतात म्हणून नव्हे, बंद व्हायच्या वेळी तिथं होणारी बाचाबाची तुमच्या परतीच्या वाटेवर येते म्हणून.

खोलीत शिरल्यावर दाराची कडी आतून लावून दार ओढून बघा. स्क्रू चौकटीच्या लाकडात गेलेत की नुसत्या पट्टीत, ते लगेच कळतं. कुलूप बदलायची परवानगी करारात लिहून घ्या, कारण आधीच्या भाडेकरूकडे किल्ली असतेच. गच्चीचं दार रात्री कोण लावतं, हे विचारा. स्वयंपाकघराच्या खिडकीला ग्रिल आहे का, ते बघा. उन्हाळ्यात ४५ अंशांना खिडक्या उघड्या टाकून, कूलर लावून झोपायची वेळ येते, आणि कूलरसाठी ग्रिल कापलेली असते. तिथूनच हात आत येतो. कूलरचा स्टँड ग्रिलच्या बाहेर हवा, ग्रिलच्या जागी नको.

करार ११ महिन्यांचा, आणि तो नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. इथं अजूनही बरेच जण ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून भागवतात. डिपॉझिट परत मागताना मग तुमचीच बाजू लंगडी पडते. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायला मालक टाळाटाळ करत असेल तर त्यात तुमचा फायदा नाही, तोटाच आहे. आणि खोली न बघता क्यूआर कोडवर "टोकन" पाठवू नका. "आधी एक रुपया टाका, मग पैसे परत येतील" म्हणणारा ठगच असतो. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० ला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठली तरच हाती लागते.

मोबाइल हिसकावला किंवा गाडीत चोरीला गेला तर पावलांचा क्रम महत्त्वाचा, आणि तो चुकल्यानं लोक दोन दिवस घालवतात. आधी दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करा आणि बँकेला सांगून यूपीआय थांबवा. मग तक्रार. गाडीत चोरी झाली असेल तर लोहमार्ग पोलीस, प्रवासात मदत हवी असेल तर १३९. "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं ऐकायला मिळालं तर न रागावता 'झिरो एफआयआर' हा शब्द उच्चारा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. ती ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. त्यानंतर त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम घ्या आणि सीईआयआर या चोरीचे फोन बंद पाडणाऱ्या सरकारी पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करा. ओटीपी येत नाही म्हणून इथं घाबरायचं नाही. नव्या सिमवर २४ तास एसएमएस बंद असतात. त्यासाठी लागणारा आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख नंबर, आजच *#०६# दाबून वहीत लिहून ठेवा, फोन गेल्यावर तो खोक्यावर शोधावा लागतो आणि खोकं गावी असतं.

पोलिसांसाठी ११२. फोन करताना घराचा नंबर सांगण्यापेक्षा चौक, टी-पॉइंट, जवळचं मंगल कार्यालय सांगा, गाडी लवकर सापडते. रात्री अडकलेल्या महिलांना ९ ते ५ या वेळात घरी सोडायची योजना नागपूर पोलिसांनी डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर केली होती. अशा वेळी १०९१ आणि ११२ दोन्ही नंबर हाताशी ठेवा. तुमचं घर कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं, हेही पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्या. १७ मार्च २०२५ ला महाल या जुन्या वस्तीत हिंसाचार झाला तेव्हा संचारबंदी ठाण्यांच्या हद्दीप्रमाणे लागली. ज्यांना आपलं ठाणं माहीत नव्हतं त्यांना ड्युटीवर जायचं की नाही, हेच कळेना. धरमपेठेत त्याच दिवसांत दुकानं उघडी होती.

जानेवारीत नागपुरात राहायला येत असाल तर सगळ्यात आधी गळ्याची काळजी घ्या. संक्रांतीच्या मागेपुढे पतंगांचा नायलॉन मांजा रस्त्यावर आडवा येतो. बंदी आहे, उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ दरवर्षी कान उपटतं, तरी तो मिळतो आणि दुचाकीवरच्यांचे गळे कापतो. उड्डाणपुलावर धोका जास्त, कारण तुटलेला मांजा कठड्यांच्या मध्ये ताणून बसतो आणि गाडीचा वेगही तिथंच वाढतो. दुपट्टा मानेला दोन वेढे देऊन बांधा, हेल्मेटचा पट्टा त्याच्यावरून घ्या, आणि वेग तिशीच्या वर नेऊ नका. हँडलला लावायची तारेची कमान त्या दिवसांत गॅरेजवर मिळते. लावताना ती तुमच्या डोक्यापेक्षा वर येते का, ते गाडीवर बसून बघा. बुटकी कमान मांजा वर ढकलून थेट मानेवर आणते.