संगमरवरी पाद्रीसाहेब: कॅमेऱ्याने टिपायचे की स्कॅनरने?

फोर्टच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये (१७१८) संगमरवरी स्मारकांची रेलचेल आहे. मुंबईचे पहिले अँग्लिकन बिशप थॉमस कार तर तिथे संगमरवरातच पहुडले आहेत. तुमच्या चर्चमध्ये वा ट्रस्टकडे एखाद्या धर्मगुरूंचा अर्धपुतळा असेल आणि त्याची थ्रीडी नोंद करायची असेल, तर स्कॅनरच्या भारदस्त नावाला लगेच भुलू नका.

घोळ दगडातच आहे. संगमरवरात प्रकाश थोडा आत शिरतो, पसरतो आणि मग परततो. त्यामुळे स्कॅनरच्या लेझरला पृष्ठभाग नेमका कुठे आहे ते कळत नाही. मोजमाप किंचित आत सरकतं आणि गुळगुळीत गालही खरबरीत दिसतो. १९९९ मध्ये फ्लॉरेन्सला मायकेलअँजेलोचा डेव्हिड स्कॅन करणाऱ्या स्टॅनफर्डच्या चमूलाही संगमरवराच्या या खोडीशी झुंजावं लागलं. यावर लेझरला पृष्ठभाग नीट दिसावा म्हणून कुणी पुतळ्यावर पांढरा स्प्रे मारू म्हणालं, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

फोटोग्रामेट्रीत, म्हणजे फोटोंवरून थ्रीडी मॉडेल बनवण्याच्या पद्धतीत, पुतळ्याभोवती फिरून शे-दीडशे फोटो घ्यायचे, प्रत्येक फोटोत आधीच्याचा साठ-सत्तर टक्के भाग यायला हवा. सॉफ्टवेअर समान खुणा जुळवतं. चकचकीत पांढऱ्या कपाळावर खुणाच सापडत नाहीत, हे खरं. पण जुन्या दगडावरच्या करड्या शिरा आणि डाग इथे कामी येतात. चकाकी मारायला फ्लॅश आणि लेन्स दोन्हींवर पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावावा. शेजारी मोजपट्टी हवीच, नाहीतर पुतळा वीतभर की हातभर ते मॉडेलला कळणार नाही. स्कॅनर इथे सरस, तो माप थेट देतो.

मुंबईत आणखी एक भानगड: रंगीत काचांमधून येणारं ऊन. सकाळी गालावर पडलेला लाल ठिपका दुपारपर्यंत गळपट्टीवर उतरतो आणि मॉडेलचे रंग बिघडतात. सूर्यास्तानंतर स्वतःच्या प्रकाशात काम करा.

भिंतीला चिकटलेल्या पुतळ्याची पाठ दोन्ही पद्धतींत सुटते. चबुतऱ्यावरची झिजलेली अक्षरं वाचायची असतील, तर कॅमेरा स्थिर ठेवून दिवा फिरवण्याची आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्स्फॉर्मेशन इमेजिंग) पद्धत बरी. मोबाइलचा लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) खोली मोजायला ठीक, नाकाडोळ्यांना नाही.

माझा कौल फोटोंना. दगड किती झिजतोय हे दर काही वर्षांनी मोजायचं असेल किंवा हुबेहूब प्रतिकृती कोरायची असेल, तरच स्कॅनरवर खर्च करा, आणि तोही संगमरवरावर आधी काम केलेल्याकडूनच. कुणालाही काम द्या, करारात मूळ रॉ फोटो किंवा स्कॅनचा कच्चा डेटा आणि थ्रीडी मॉडेलची ओबीजे फाइल मागून घ्या. नुसती वेबसाइटची लिंक घेऊन बिल चुकतं करू नका.