ग्लूमा डिसेन्सिटायझर: फिलिंगखाली लावावे का?

ठाण्यात नौपाड्यामध्ये माझा दातांचा दवाखाना आहे आणि तिथे येणाऱ्या बऱ्याच रुग्णांची तक्रार किडीची नसून दात शिवशिवण्याची असते. एका काकूंना मामलेदारची तिखट मिसळ सुखाने खाता येते, पण त्यावरच्या ताकाचा पहिला घोट डोळ्यांत पाणी आणतो. वर्षानुवर्षे बोटाने घासलेली मिश्री आणि नंतर कडक ब्रश यांमुळे त्यांची हिरडी खाली सरकली आहे आणि दातांच्या मुळाशी खाचा पडल्या आहेत. अशा खाचेत कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचे, राळेचे फिलिंग) भरण्यापूर्वी शिवशिव थांबवणारे औषध लावले, तर फिलिंगची कड दाताला घट्ट धरून राहते की सुटते, एवढ्याच प्रश्नाच्या अंगाने मी येथे ग्लूमा या शिवशिव थांबवणाऱ्या औषधाचे परीक्षण करते आहे.

दाताच्या एनॅमलखालील, म्हणजे बाहेरच्या कठीण कवचाखालील, डेंटिनच्या थरात असंख्य सूक्ष्म नलिका असतात, त्यांची तोंडे उघडी पडली की थंड पदार्थाने आतला द्रव हलतो आणि नसेला कळ जाते. शिवशिव थांबवायची म्हणजे या नलिका बंद करायच्या. अडचण अशी की कॉम्पोझिट चिकटवणारे बाँडिंगही याच नलिकांत आणि त्यांच्या भोवतीच्या कोलॅजनच्या (प्रथिनाच्या तंतूंच्या) जाळ्यात शिरूनच पकड घेते. त्यात कॉम्पोझिट घट्ट होताना साधारण 2 ते 3 टक्के आकसते. वरच्या कडेला एनॅमल असल्याने हा ताण निभावून जातो, परंतु हिरडीकडच्या कडेला बहुधा एनॅमल नसतेच आणि गळती तिथूनच सुरू होते.

ग्लूमामध्ये 5 टक्के ग्लुटाराल्डिहाइड आणि 35 टक्के हेमा असते. ग्लुटाराल्डिहाइड नलिकेतल्या द्रवातील प्रथिने गोठवते, म्हणजे बूच नलिकेच्या आत बसते आणि पृष्ठभागावर जाड थर साचत नाही. हेमा हे पाण्यात मिसळणारे राळेचे रसायन, बाँडिंगच्या ओळखीचाच घटक आहे. आम्लाने उघडे केलेले कोलॅजनचे जाळे हवेचा झोत जास्त बसला की कोसळते, ते हेमामुळे पुन्हा ओलावून उभे राहते. म्हणूनच 37 टक्के फॉस्फोरिक आम्ल लावून, धुऊन, मग ग्लूमा आणि त्यावर बाँडिंग हा क्रम मला भरवशाचा वाटतो. औषध 30 ते 60 सेकंद तसेच ठेवावे लागते आणि तेवढे थांबणे, विशेषतः बाहेर चार जण खोळंबलेले असताना, आपल्याला जड जाते, हे मी स्वानुभवाने सांगते.

हाच निर्वाळा सगळ्याच औषधांना देता येणार नाही. फ्लोराइड वार्निश राळेवर बसवलेले असते आणि दातावर पातळ पापुद्रा सोडते. सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णाला तात्पुरता आराम म्हणून मी ते लावले आणि चार दिवसांनी पृष्ठभाग नीट न घासताच फिलिंग केले. वर्षाच्या आत हिरडीकडच्या कडेला तपकिरी रेघ उमटली आणि ते फिलिंग मला पदरमोड करून बदलावे लागले. दोष वार्निशचा नव्हता, माझ्या घाईचा होता. ऑक्झलेटचे गणित आणखी वेगळे आहे: आम्ल न लावलेल्या डेंटिनवर त्याचे स्फटिक वरच साचून बाँडिंगच्या आड येतात, तर आम्ल आधी लावल्यास ते नलिकेत खोलवर तयार होतात. हे तपासायला काढून टाकलेले दात प्रयोगशाळेत भरून, त्यांना 5 आणि 55 अंशांच्या पाण्यात आळीपाळीने बुडवून, रंग कडेतून किती आत शिरला ते कापून पाहतात. त्या चाचण्यांचे निकाल एकसारखे येत नाहीत, कारण औषध आणि बाँडिंग यांची जोडी बदलली की कडेचे वागणेही बदलते.

उणीव सांगायची तर ग्लुटाराल्डिहाइड हिरडीला भाजते. थेंब ओघळला की कड पांढरी पडते आणि रुग्ण दोन दिवस चुरचुरीने हैराण होतो, त्यामुळे कापूस किंवा रबर डॅमशिवाय (दाताभोवती ताणायच्या रबरी पडद्याशिवाय) ही बाटली उघडू नये. 5 मिलीची बाटली किमतीला जड वाटते खरी, तरी एका दाताला ब्रशवरचा थेंबभर पुरतो. फिलिंगची गरजच नसलेल्या, नुसत्या शिवशिवणाऱ्या दातांसाठी मी आजही आधी 5 टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट देते.

रुग्णांना एकच विनंती आहे. दुसरीकडे अलीकडे वार्निश लावून घेतले असेल किंवा दात पांढरे करून घेतले असतील, तर खुर्चीत बसताच ते डॉक्टरांना सांगावे. पांढरे केलेल्या दातांवर बाँडिंगसाठी आम्ही एकदोन आठवडे थांबतो, आणि वार्निश आधी पूर्ण घासून काढावे लागते. काकूंच्या चार खाचा मी आम्ल, ग्लूमा आणि बाँडिंग याच क्रमाने भरल्या. ताक आता जाते, मिश्री मात्र सुटलेली नाही.